नसलेल्या होडीचं माप

तिओंगपेकांनी आयुष्यभर घरं बांधली आणि त्यातलं एकही आज उभं नाही. घरं, खुर्च्या, शिवणयंत्रं, सायकली, एकदा तर डुरियानची फळं विकायची अख्खी हातगाडी. सगळं बांबूच्या कामट्यांचं, रंगीत कागदाचं आणि पिठाच्या खळीचं, आणि सगळं आठवड्याभरात जाळून मोकळं. मलेशियातल्या ताइपिंगमधल्या चिनी घरांत माणूस गेला की त्याच्या वस्तू त्याच्यामागून अशाच पाठवायच्या असतात. इकडे जळली की तिकडे पोचली. पोचते हे कोणी परत येऊन सांगितलेलं नाही, पण तक्रारी मात्र येतात. तक्रार आली म्हणजे माल पोचला असणारच, असं तिओंगपेकांचं सरळ म्हणणं होतं.

खॉ बून तिओंग हे त्यांचं पूर्ण नाव. पेक म्हणजे थोरले काका, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ते निम्म्या गावाचे थोरले काका होतेच. अंगाने काटकुळे, कानावर पेन्सिल, खिशात टेप, आणि जिभेला हाड नाही. त्यांच्या उस्तादाने त्यांना एकच नियम शिकवला होता: जे आहे तेच कर, आणि मोजून कर. म्हणून कोणी गेलं की तिओंगपेक त्या घरी जात, दोन घोट कॉफी पीत आणि गेलेल्या माणसाची खुर्ची, पंखा, पलंग टेपने मोजून वहीत उतरवून घेत. नसलेल्या वस्तूचा नुसता धूर होतो, असं उस्ताद म्हणायचा.

गावात दुसरी दुकानंही होती. तिथे छापील पुठ्ठ्याच्या मोटारी, मोबाइल आणि कारंजं असलेले बंगले तयार मिळत. एखादा मुलगा तसलं काही मागायला आला की तिओंगपेक चष्म्यावरून बघत.

"तुझ्या बापाला मोटार चालवता येत होती?"

"नाही, पेक. पण तिकडे तरी..."

"तिकडे कोण शिकवणार? तुझा आजोबा? त्याला तर चालतानाही धड वळता येत नव्हतं. बापाची सायकल होती ना? सायकल करतो. मागचा मडगार्ड वाकडा होता, मला आठवतोय."

आणि मडगार्ड वाकडाच व्हायचा. मुलं चिडत, पण घरातल्या म्हाताऱ्या डोळे पुसत म्हणत, ही मात्र त्यांचीच हं.

एकदाच ते चुकले. एका शिंप्याची खुर्ची त्यांनी चारी पाय सारखे करून पाठवली. खऱ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली वीट असायची, पण मोजायला गेले त्या दिवशी कोणीतरी ती वीट दाराला लावली होती आणि यांनी एकाच पायाचं माप घेतलं. आठ दिवसांनी शिंप्याची बायको दुकानात येऊन उभी राहिली. नवरा स्वप्नात आला होता आणि सारखा एका अंगावर कलत होता. चाळीस वर्षं तिरकं बसलेला माणूस, सरळ खुर्चीत त्याचा तोल कसा राहणार? तिओंगपेकांनी कपाळाला हात लावला, वीट मोजून आणली, कागदाची वीट केली आणि स्वतः जाऊन जाळली. नंतर शिंपी स्वप्नात आला नाही. तेव्हापासून नियमावरचा त्यांचा विश्वास फारच पक्का झाला, इतका की तो बायकोच्याही आड आला.

बायकोचं नाव गेक चू. त्यांचं घर दुकानाच्या मागेच, दोन्हीकडच्या घरांना भिंती चिकटलेलं, लांबच लांब आणि अंधारं. स्वयंपाकघराची एक भिंत म्हणजे शेजारच्या तिळाच्या तेलवाल्याच्या कोठाराची भिंत. लग्न होऊन आली त्या आठवड्यात गेक चूने त्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, "इथे खिडकी पाहिजे." तेलवाला आपल्या पिंपांवर खिडकी कशी उघडू देणार? पण बाईने हट्ट सोडला नाही, उलट खिडकी असल्यासारखीच वागू लागली. त्या जागी कॅलेंडर टांगलं. उकडायला लागलं की म्हणायची, "आज वारा पडलाय." कोणी तिथे टोपली ठेवली तर अंगावर यायची, "माझ्या खिडकीसमोरून उचला ते आधी!" तिथून आपल्याला डोंगर दिसतो असंही ती पाहुण्यांना सांगायची, आणि पाहुणे मान वळवून कॅलेंडर बघायचे. तीस वर्षांत त्या भिंतीला कोणी काही टेकवलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी ती गेली. तिओंगपेकांनी तिच्यासाठी घर केलं, आयुष्यातलं सगळ्यात चांगलं. गळक्या कौलाखालची बादलीसुद्धा केली. स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी आल्यावर त्यांचा हात थांबला. बहीण म्हणाली, "अरे, कर की एक खिडकी, कागदच कापायचाय." पण नियम म्हणजे नियम. त्यांनी भिंत कोरी ठेवली आणि त्यावर बोटाएवढं कॅलेंडर चिकटवलं. घर जळून गेल्यावर मात्र त्यांना झोप लागेना. मग कधीतरी त्यांनी त्या भिंतीशी कांद्याची टोपली आणून ठेवली. भिंतच आहे ती, असं स्वतःला बजावून ठेवली. तिच्याकडे बघायचं मात्र ते टाळत.

तर अशा माणसाकडे लान-सो होडी मागायला आली.

लान-सो म्हणजे चिन पो न्हाव्याची बायको, आता विधवा. चिन पोचं दुकान चौकात होतं आणि निम्मं गाव त्याच्याकडे केसांपेक्षा गोष्टींसाठी जायचं. त्याच्या सगळ्या गोष्टी एका होडीच्या असत. लग्नाआधी म्हणे त्याची स्वतःची होडी होती, नाव 'हाय यान', म्हणजे समुद्रावरची पाकोळी. तिच्यातून तो खाडीबाहेर जायचा, वादळात सापडायचा, शार्क माशाशी बोलायचा. शेवटी ती बुडाली म्हणून बिचारा न्हावी झाला.

"एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी बारा दिवसांवर आलाय," लान-सो म्हणाली. "मुलांना बापासाठी होडी पाठवायचीय."

"पाठवू की," तिओंगपेकांनी टेप काढली. "फोटो असेल ना?"

फोटो नव्हता. तीन मुलं होती आणि तिघंही दुसऱ्या दिवशी दुकानात हजर झाली. थोरला कोक वा खाडीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. मधली हाय यान, होडीचंच नाव मिळालेली, इपोहला शाळेत शिकवते. धाकटा कोक मेंग सिंगापूरला कॉम्प्युटरवर काहीतरी करतो.

"निळी होती," कोक वा म्हणाला. "उघडी. एक इंजिन."

"हिरवी!" हाय यान म्हणाली. "कडेला पांढरा पट्टा. आणि शीड होतं."

"शीड कशाला असेल? केबिन होती," कोक मेंग म्हणाला. "आत चूल होती. आणि मांजर."

"मांजर?" कोक वा ओरडला. "अरे, होडी होती की खानावळ? आपला पा मला सांगायचा, निळी!"

"मला काय दुसऱ्याचा पा सांगायचा?"

दोन मिनिटांत होडी बाजूलाच राहिली आणि बाप कोणाचा जास्त, याच्यावर भांडण आलं. कोक वाने शेवटी टेबलावर हात आपटला. "होडी निळी नसली तर मी रिंगणात उभा राहणार नाही. सांगून ठेवतो." आणि तो मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

लान-सोचा चेहरा पांढरा पडला. कागद पेटला की घरच्यांनी हात धरून भोवती रिंगण करायचं असतं, नाहीतर भटकी भुतं वाटेतच वस्तू पळवतात. रिंगणात घरचं माणूस रागाने कमी झालं तर वस्तू तर जातेच, आणि गेलेल्याच्या नजरेसमोर घर फुटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली. दुकानाचं दार लोटून घेतलं, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तिओंगपेक, होडी नव्हती."

"काय?"

"कधीच नव्हती. सोळा वर्षांचा असल्यापासून मी ओळखते त्याला. त्याला पोहता येत नव्हतं. पिनांगच्या फेरीबोटीत बसवलं तर सुटायच्या आधीच ओकायचा. इस्त्रीच्या दुकानात हरकाम्या होता, तिथून न्हाव्याकडे गेला. मधे होडी कुठून येणार?"

तिओंगपेकांनी पेन्सिल कानावरून काढली, बघितली आणि परत ठेवली. "मग मला नाही करता येणार, लान-सो. नसलेली वस्तू मी करत नाही. धूर होतो नुसता."

"नव्हती म्हणता?" लान-सो ताडकन उठली. "चाळीस वर्षं त्या होडीशी संसार केलाय मी! रोज संध्याकाळी जेवण झालं की हा पोरांना घेऊन ओट्यावर बसायचा आणि समुद्रावर जायचा. मी हाक मारायची नाही, का, तर वादळ चाललंय. सूप गार व्हायचं माझं! थोरला इंजिनवाला झाला तो कोणामुळे? पोरीचं नाव कोणाचं आहे? धाकट्याला मांजराचं वेड कुठून लागलं? आणि तुम्ही म्हणता नव्हती!"

"तुम्हीच म्हणालात नव्हती."

"मी म्हणू शकते. मी बायको आहे."

बायका अशा काही बोलायला लागल्या की तिओंगपेकांना कॅलेंडर आठवायचं. ते नुसतेच खळीची वाटी ढवळत राहिले. शेवटी म्हणाले, "मग ज्याची आहे त्यालाच विचारू. सगळ्यांना बोलवा. त्या इंजिनवाल्या जमदग्नीलाही."

त्याच दुपारी लान-सोच्या घरी चिन पोच्या फोटोसमोर कौल लावला. कौलाचे दोन लाकडी ठोकळे असतात, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर. ते खाली टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर हो. दोन्ही फुगीर तर नाही. दोन्ही सपाट आले तर वरचा माणूस हसतोय, प्रश्न पुन्हा नीट विचारा.

कोक वाने ठोकळे कपाळाला लावले. "पा, होडी निळी होती ना?" टाकले. दोन्ही सपाट.

"हसतोय," हाय यान म्हणाली आणि ठोकळे हिसकावून घेतले. "पा, हिरवी, हो की नाही?" दोन्ही सपाट.

धाकट्याने घाबरत घाबरत विचारलं, "पा, मांजर तरी?" दोन्ही सपाट. एक ठोकळा तर गरगर फिरून पडला, पोट धरून हसावा तसा.

तिओंगपेकांनी लान-सोकडे बघितलं. तिने काही लपवल्यासारखे हात पोटाशी धरले होते. मग ते सोडले आणि म्हणाली, "बाळांनो, तो हसणारच. होडी नव्हती रे. तुमच्या पाने रचली होती ती."

कोक मेंगचे डोळे भरून आले. "मांजरही नव्हतं?"

"मला माहीत होतं," कोक वा हळूच म्हणाला. "वीस वर्षांपूर्वीच. खाडीवर कामाला लागलो तेव्हा प्रत्येक म्हाताऱ्या नावाड्याला विचारलं. अशी होडी कोणी बघितलेलीच नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो."

"माहीत होतं?" हाय यान त्याच्या अंगावर गेली. "मग काल निळी निळी म्हणून गाव डोक्यावर का घेतलंस?"

"कारण निळीच होती!" कोक वा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "नव्हती हे मला कळतं गं. पण जी नव्हती ती निळी होती. मी सहा वर्षांचा होतो, त्याच्या मांडीवर बसून बघितलीय मी ती."

कोणी हसलं नाही. असं वाक्य तिओंगपेकांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं, आणि तरीही ते त्यांना जुन्या ओळखीचं वाटलं.

लान-सोने ठोकळे उचलले. "अहो," ती फोटोला म्हणाली, "होती की नव्हती ते राहू दे. तुम्हाला पाहिजे का?"

एक सपाट, एक फुगीर. हो.

आता प्रश्न तिओंगपेकांचा. त्यांनी सवयीने वही उघडली आणि सवयीनेच विचारलं, "लांबी किती?"

"दुकानातल्या आरशापासून बाहेरच्या गटारापर्यंत," तिघंही एकदम म्हणाली आणि दचकली. बाप गोष्टीत दर वेळी तसंच सांगायचा. रंगावरून भांडणाऱ्या तिघांचं लांबीवर मात्र तसूभरही दुमत नव्हतं. तिओंगपेक उठले, चौकातल्या बंद दुकानाचं दार उघडायला लावलं आणि आरशाला टेप लावली. कोक मेंगने दुसरं टोक गटाराशी धरलं. चौदा फूट दोन इंच. ते आकड्याकडे बघतच राहिले. नसलेल्या वस्तूला माप असतं, हे उस्तादाने त्यांना सांगितलं नव्हतं.

रंगाचं कोडं सोडवलं कोक वाने, तेही कुरकुरत. "जुनी होडी दर दोन वर्षांनी रंगवतातच. मी मोठा, मला आधीची सांगितली असेल. हिरवी नंतरची."

"शीड काढून इंजिन बसवलं की आधी इंजिन होतं?" हाय यानने विचारलं.

"इंजिन बिघडल्यावर शीड लावलं. शहाणी माणसं लावतात. आणि केबिन अगदी शेवटी. म्हातारपणी ऊन सोसत नाही."

"आणि मांजर?"

"मांजर काय, कुठूनही येतं."

तिओंगपेकांनी होडी निम्म्या मापाने केली, तरी ती दुकानात मावेना. आधी सगळी निळ्या कागदाने मढवली, खळ सुकू दिली, मग वरून हिरवा कागद लावला. काठाशी, दोर घासून रंग उडतो तिथे, नखाने हिरवा खरवडून खालचा निळा दाखवला. केबिनच्या दारात पिवळं मांजर बसवलं, एक कान फाटका. फाटका कान कोणी सांगितला नव्हता. तो त्यांचा त्यांनाच दिसला, आणि त्याची त्यांना जरा लाजही वाटली.

एकोणपन्नासाव्या दिवशी दुपारी चार वाजता नदीकाठच्या मोकळ्या जागेत होडी ठेवली. ताइपिंगचा रोजचा पाऊस डोंगरावर येऊन थांबला होता. होडीवर चिन पोचं नाव आणि मूळ गाव लिहिलेली चिठ्ठी डकवली. लान-सोने भोवती चहाची धार धरून वर्तुळ काढलं आणि कोक वाने काडी लावली. सगळ्यांनी हात धरले. पण सात फुटांच्या होडीभोवती चार माणसांचे हात पुरतात थोडेच? धाकट्याच्या आणि आईच्या मधे मोठं खिंडार राहिलं.

"पेक, या की!" हाय यान ओरडली.

"मी घरचा नाही. मी लांबच उभा राहतो नेहमी."

"अहो, भुतं मांजर नेतील!" कोक मेंग कळवळला.

चाळीस वर्षांत तिओंगपेक कधी दुसऱ्याच्या घरच्या रिंगणात उभे राहिले नव्हते. ते पुढे झाले आणि दोन्हीकडचे हात धरले. दुसऱ्यासाठी केलेली इतकी मोठी वस्तू इतक्या जवळून जळताना त्यांनी कधी बघितलीच नव्हती. आधी हिरवं गेलं, मग निळं दिसलं. कोक वा ते बघून लहान पोरासारखा रडायला लागला.

"पा, होडी घ्या! घ्या होडी!" मुलं ओरडत होती. लान-सोने कमरेच्या पिशवीतून खारवलेल्या आंबट आलुबुखारांची पुडी काढली आणि आगीत टाकली. "आणि हे तोंडात धरा," ती म्हणाली, "नाहीतर ओकाल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिओंगपेकांनी दुकान उघडलं नाही. कपाटातून नऊ वर्षांपूर्वीची वही काढली. पानं पिवळी पडली होती, पण आकडे ठसठशीत होते. स्वयंपाकघर, उत्तरेची भिंत. कॅलेंडर जमिनीपासून किती, उजव्या कोपऱ्यापासून किती. तिच्या घराची एकूण एक मापं त्यांच्याकडे होती. खिडकी कुठे बसवायची ते नव्याने मोजायचीसुद्धा गरज नव्हती. गेक चूने ती जागा तीस वर्षं मोकळी ठेवली होती आणि त्यांनीच ती इंचाइंचाने उतरवून घेतली होती.

त्यांनी खिडकी केली. दोन झडपांची, आतून कडी लागणारी, उघडणारी. पलीकडे काय दाखवावं, यावर ते बराच वेळ अडले. तेलाची पिंपं की डोंगर? मग पलीकडे काहीच लावलं नाही. तिचं तिला दिसतंय, आपण कोण सांगणार? चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं, मागच्या बोळात पत्र्याच्या डब्यात खिडकी ठेवली आणि पेटवली. एकट्याचं रिंगण होत नाही, म्हणून डब्याला दोन्ही हातांनी कवटाळता येईल इतकं जवळ बसले. भुवया थोड्या भाजल्या.

मग आत येऊन तिच्या फोटोसमोर ठोकळे टाकले. "मिळाली का गं?"

दोन्ही सपाट.

"हसतेस काय? उशीर झाला, कबूल आहे. नऊ वर्षं झाली. चुकलं माझं." पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही सपाट. तिओंगपेकांना रडूही आलं आणि रागही आला. "हसणं पुरे! नीट बसली का तेवढं सांग, नाहीतर दुसरी करतो."

एक सपाट, एक फुगीर.

तिओंगपेक उठले, स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीशी ठेवलेली कांद्याची टोपली उचलून दुसरीकडे ठेवली.